गुरुलिंगअप्पा आणि नाझरबाई

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी मी रेकॉर्डच्या खोलीत एका लाल कापडाच्या बस्त्यात हात घातला आणि आत काहीतरी गरम, मऊ हाताला लागलं. मी ओरडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "वरडू नका, अक्का. हात हळू भायेर काढा. आत बाळंतीण हाय."

बाळंतीण म्हणजे एक करड्या रंगाची मांजर होती. बस्त्याची गाठ सैल करून ती एका गावाच्या सगळ्या जुन्या कागदांवर पसरली होती आणि तिच्या पोटाशी डोळे न उघडलेली चार पिल्लं चिकटली होती. आवाज गुरुलिंगअप्पांचा होता. ते आमचे रेकॉर्डकीपर.

"पण अप्पा, साहेबांनी हाच बस्ता मागितलाय. आज सुनावणी आहे."

"साहेबाला मी लिहून देतो," ते म्हणाले आणि तिथंच स्टुलावर बसून त्यांनी टिप्पणी लिहिली. अक्षर छापल्यासारखं. 'सदर गावचा बस्ता तूर्त उपलब्ध होऊ शकत नाही. पंधरा दिवसांनी सादर करण्याची तजवीज ठेवली आहे.'

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब पुण्याकडचे, नवीनच आलेले.

"बस्ता हरवलाय का?"

"न्हाई साहेब. हितंच हाय."

"मग तूर्त उपलब्ध नाही म्हणजे काय?"

"वापरात हाय."

दुसऱ्या कुठल्या तरी शाखेनं नेला असेल, असं समजून साहेबांनी सुनावणीला पुढची तारीख दिली. अप्पा खोटं काहीच बोलले नव्हते.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. फलक नवे होते, शिक्के नवे होते, पण कचेऱ्यांना जागा नव्हत्या. आमची कचेरी एका बंद पडलेल्या अडत दुकानात भरायची. पुढच्या दालनात आम्ही आणि मागच्या धान्याच्या गोदामात रेकॉर्ड. उस्मानाबादहून ट्रकांनी गावोगावचे कागद आले होते, त्यातले निम्मे निजामाच्या काळातले, उर्दूतले. गोदामात पूर्वी तूर आणि करडई भरलेली असायची. धान्य गेलं तरी उंदीर गेले नाहीत. त्यांनी कागद धरले.

मी नांदेडची. बावीस वर्षांची होते आणि घरापासून पहिल्यांदाच लांब राहत होते. अप्पांनी मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हटलं. त्यांची धाकटी लेक माझ्याहून मोठी होती. त्यांचं गाव जळकोटच्या पुढं, जिथं बायका भांडताना अर्ध्यातून कानडीत शिरतात त्या भागातलं. अप्पांच्याही बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द यायचा. वाद वाढला की ते "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे. त्या एका शब्दावर ते विषय मिटवायचे आणि समोरच्यालाही तो मिटवावा लागायचा.

कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत लिंगाची चांदीची डबी, बारीक शरीर, धोतर. शाळा निजामाच्या राज्यात झालेली, म्हणून उर्दू मराठीइतकंच सरावाचं. जुना कागद वाचताना ते डोळे अर्धे मिटायचे आणि बोट उजवीकडून डावीकडे सरकवायचे. खेड्यांतून आलेली माणसं त्या बोटाकडे बघत बसायची. आपल्या आजोबाचं शेत त्या बोटाखाली आहे, हे त्यांना ठाऊक असायचं.

अप्पा मांजरवेडे होते, असं कुणी समजू नये. एकदा मी तसं म्हटलं तर त्यांना राग आला.

"मला कशाची हौस न्हाई, अक्का. ती काम करती, म्हणून ऱ्हाती. नाझर म्हणजे काय? मालावर देखरेख ठेवणारा. तिला मी नाझर नेमलंय."

म्हणून ती नाझरबाई. त्यांनी तिला कधी मांडीवर घेतलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. सकाळी शाईच्या जुन्या बशीत ते स्वतःच्या चहातलं दूध ओतायचे आणि तोंड फिरवून कामाला लागायचे. ती उंदीर तोंडात धरून आली की पुन्हा तोंड फिरवायचे, कारण घरात सात पिढ्यांत कुणी मांस शिजवलेलं नाही. "तिचा धर्म तिच्यापाशी," एवढंच म्हणायचे.

सकाळी गोदामाचं कुलूप काढलं की खिडक्या उघडण्याआधी ते अंधारात उभे राहून घटकाभर कान देत. मग टीपकागदाच्या तुकड्यावर फडताळाखालच्या लेंड्या गोळा करायचे आणि मलाही बोलावून शिकवायचे. "ही उंदराची. ही पालीची, टोकाला पांढरं हाय बघा. ही वटवाघळाची. चुरली की चमकती, त्यात किड्याचे पंख असतेत. आन् वास यायला लागला की समजायचं, चिचुंद्री हाय. तिला मारायचं न्हाई. ती किडे खाती, कागदाला तोंड लावत न्हाई." मला किळस यायची. महिन्याभरानं मी स्वतःच टीपकागद घेऊन वाकायला लागले.

एकदा एक खार बस्त्यांच्या दोऱ्या कातरून घरट्यासाठी न्यायला लागली. शिपाई मौलाभाई गुलेल घेऊन आले. अप्पांनी त्यांच्या हातून गुलेल घेतली, कपाटात ठेवली आणि जुनी सुतळी उसवून तिचा पुंजका खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुंजका गेला होता आणि बस्त्यांच्या दोऱ्या जागेवर होत्या. "तिला दोरी पायजे होती, रेकॉर्ड न्हाई," अप्पा मौलाभाईंना म्हणाले.

त्यानंतरचं वर्ष दुष्काळाचं होतं. पाऊस आला आणि तोंड दाखवून गेला. हिवाळा सरता सरता विहिरी खरवडायची वेळ आली. कचेरीत एक रांजण होता. तो टँकर आला की भरायचा आणि पुढचा टँकर कधी येईल ते कुणीच सांगू शकत नसे. साहेबांनी नियम केला, माणशी दोन तांबे. अप्पा एक तांब्या प्यायचे आणि दुसरा मागच्या ओट्यावर एका परातीत ओतायचे. परातीत ते सुतळीचं पोतं भिजवून ठेवायचे, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही आणि मधमाश्यांना बसायला जागा होते. दुपारी त्या पोत्यावर मधमाश्या, बुलबुल, साळुंक्या, खारी, सगळे यायचे. साळुंक्या भांडायच्या. अप्पा दाराच्या फटीतून बघायचे आणि कुणी पाहिलं की उगीच कागद चाळायचे.

साहेबांच्या कानावर हे गेलं. "माणसांना पाणी नाही आणि तुम्ही पाखरांना घालता?"

"माझ्या वाट्याचं हाय, साहेब."

साहेब वाईट नव्हते. दिवसभर टँकर मागायला आलेल्या माणसांच्या शिव्या खायचे आणि संध्याकाळी आमच्यावर चिडायचे.

चैत्रात रांजणाच्या ओलीला एक धामण आली. चांगली पुरुषभर लांब. रांजणाच्या बुडाशी वेटोळं घालून गार पडून राहिली होती. अप्पा तेव्हा उर्दू कागद वाचून दाखवायला दुसऱ्या कचेरीत गेले होते. बाहेर ताटकळलेल्या माणसांत एकच गलका झाला आणि दोघातिघांनी मिळून तिला काठ्यांनी ठेचलं. अप्पा परतले तेव्हा ती रस्त्यावर पडलेली होती आणि पोरं तिला काडीनं उलटी करत होती.

"धामण होती," अप्पा म्हणाले. "इख नव्हतं तिला."

"सापच की, अप्पा," मौलाभाई म्हणाले.

"गोदामाच्या भिंतीत दोन वर्षं ऱ्हात होती. मला ठावं होतं. तुमाला सांगितलं न्हाई, कामून की तुमी मारली असती." एवढं बोलून ते आत गेले. त्या दिवशी त्यांनी कुणाला 'साकु'सुद्धा म्हटलं नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत उंदीर वाढले. शेतात दाणा नव्हता, तेव्हा रानातले उंदीरही गावात शिरले. एकटी नाझरबाई किती धरणार? तिची तीन पिल्लं लोकांनी नेली होती, चौथा बोका तिच्याबरोबर शिकत होता. पिवळसर, लांब पायांचा, अंगापिंडानं अर्धवट. त्याला अप्पांनी 'उमेदवार' म्हटलं होतं. अजून कायम झालेला नाही म्हणून.

साहेबांनी उंदराचं औषध टाकायचा आदेश काढला. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाच्या आदेशावर उलट टिप्पणी लिहिली. औषध खाल्लेला उंदीर बस्त्यांच्या मागं जाऊन मरतो, कुजतो, कागद नासतो, आणि तो उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही मरतं. मग पुढच्या उंदरांना कुणी उरत नाही. सबब औषध टाकू नये.

साहेब म्हणाले, "आणि एखादं रेकॉर्ड कुरतडलं गेलं तर? जबाबदारी कोणाची? लिहून देता?"

"देतो," अप्पा म्हणाले, आणि दिलं.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अप्पा, रिटायर व्हायला तुम्हाला चार महिने राहिलेत. कशाला लिहून दिलंत?"

"मग काय पाचव्या म्हैन्यात देऊ?" ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी कुरतडलं. रेणापूरच्या बाजूच्या एका गावची जुनी उर्दू नोंदवही. सत्यभामाबाई नावाची एक म्हातारी विधवा पुतण्याविरुद्ध भांडत होती. तो म्हणत होता की काकीच्या ताब्यातलं शेत आमच्या वाटणीचं. तिच्या सासऱ्याच्या नावाची नोंद त्या वहीच्या एका पानावर होती आणि नेमका त्या पानाचा खालचा अर्धा भाग उंदरांनी भुसा केला होता. अप्पांनी ते पान हातात धरलं, उलटंसुलटं केलं, आणि स्वतः उठून साहेबांकडे नेलं. कुणी विचारेपर्यंत ते थांबले नाहीत.

म्हातारी बाहेर बाकावर बसली होती. अप्पा तिच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, तुमचं पान उंदरानं खाल्लं. चूक माझी हाय."

ती म्हणाली, "आता माझं रान?"

"वही हितं फाटली. पण त्या वक्ताला एक पडत, म्हंजी दुसरी प्रत, जुन्या जिल्ह्याच्या गावी उस्मानाबादला बी ठेवायचे. ट्रकात आली न्हाई, म्हंजी तिकडंच असंल. मी जातो."

"आन् नसंल तर?"

"नसंल तर मी सुनावणीला उभा ऱ्हाऊन सांगतो, की ती नोंद मी माझ्या डोळ्यानं वाचली होती. वाचली हाय मी. पण तोंडाचं कोन धरतंय."

त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली, बिनपगारी, आणि सकाळच्या गाडीनं उस्मानाबादला गेले. निघताना मला म्हणाले, "अक्का, मी न्हाई तोपत्तुर त्या दोघांवर लक्ष असू द्या."

त्याच दुपारी साहेबांनी औषध मागवलं. लेखी हमी मोडली होती, त्यामुळे त्यांना आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. औषध ताब्यात घेतल्याची सही माझी आहे. मी नवीन होते, सही कर म्हटल्यावर केली. हे मी लिहिते, कारण व्यक्तिचित्रात लिहिणाऱ्यानं आपली बाजू साफ करून घेऊ नये.

सही केली आणि मग पळत गोदामात गेले. मौलाभाई कणकेचे गोळे मळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवले. "बाई, तासभर मला कणीक भिजत न्हाई. पाणीच कुठं हाय? तुमी तेवढ्यात धरा."

नाझरबाई सापडली. मी तिला केळीच्या रिकाम्या करंडीत घातलं, वर ओढणी बांधली आणि खोलीवर नेऊन कोंडलं. करंडी आमच्या घरून अर्धापूरची केळी भरून आली होती. उमेदवार मात्र हाताला लागला नाही. मौलाभाईंनी आणि मी फडताळं हलवली, हाका मारल्या, दूध ठेवलं. तो वरच्या बस्त्यांवरून आमच्याकडे बघत राहिला. अंधार पडायच्या आत गोळे टाकावेच लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो निलंग्याच्या फडताळामागं मेलेला सापडला. तोंडाला फेस होता.

अप्पा दुपारी आले. चार दिवसांचं जागरण असावं तसे दिसत होते, पण पिशवी छातीशी धरलेली होती. "सापडली पडत," आल्या आल्या म्हणाले. "बरहुकूम नक्कल करून आणली, तिथल्या सही-शिक्क्यानिशी." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कोन गेलं?"

"उमेदवार."

"नाझर?"

"माझ्या खोलीवर आहे."

"मग साकु," ते म्हणाले. मला धीर द्यायला म्हणाले असावेत.

मी पुढच्या दालनात आले, पण मन लागेना म्हणून परत गेले. अप्पा मागच्या ओट्यावर उकिडवे बसले होते. रांजणातला आपल्या वाट्याचा तांब्या त्यांनी शेजारी ठेवला होता आणि उपरण्याचं टोक भिजवून ते त्या बोक्याचं तोंड पुसत होते. फेस वाळून घट्ट झाला होता. ते पुन्हा पुन्हा टोक भिजवत होते, घाई करत नव्हते. जिवंतपणी ज्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं, त्याचे कान, मिशा, पंजे सगळं त्यांनी पुसून काढलं. तांब्या रिकामा झाला. त्या दिवशी ते पाण्याशिवाय राहिले. मौलाभाईंनी ओट्याखाली खड्डा केला.

सुनावणीत नक्कल ग्राह्य धरली गेली. शेत सत्यभामाबाईकडं राहिलं. ती जाताना अप्पांच्या पाया पडायला वाकली, तर ते दोन पावलं मागं सरले. "माझ्या पाया नका पडू, मावशी. पान माझ्याच ताब्यात असताना फाटलं."

रेकॉर्डची हानी झाल्याबद्दल अप्पांना ताकीद मिळाली आणि तिची नोंद सेवापुस्तकात झाली. अडतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. साहेबांना ते करताना बरं वाटत नसावं, कारण कागद त्यांनी स्वतः आणून दिला. "अप्पा, तुम्ही खुलासा दिलात तर मी सौम्य करतो. दुष्काळामुळे उंदीर वाढले, असं लिहा."

अप्पांनी ताकीद वाचली. "बरोबर लिवलंय, साहेब. मी हमी दिली होती." मग बोट ठेवून म्हणाले, "फक्त 'कुरतडले' मधला 'कु' तुमी दीर्घ केलाय. तेवढा ऱ्हस्व करा."

साहेबांनी खिशातून पेन काढून तिथल्या तिथं दुरुस्त केला.

नाझरबाई कोंडल्यापासून चौथ्या दिवशी माझ्या खिडकीतून निसटली आणि पाऊण मैल चालून स्वतःच कचेरीत हजर झाली. औषधाचे उरलेले गोळे तोवर अप्पांनी एकेक वेचून पुरून टाकले होते. साहेबांनी पाहिलं, पण पुन्हा आदेश काढला नाही. काही दिवस ती फडताळांमधून कुणाला तरी हाका मारत हिंडायची. अप्पा त्या वेळी मोठ्यानं उर्दू वाचायला लागायचे.

श्रावणात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणाला उभं केलं तर म्हणाले, "मला बोलता येत न्हाई. खिडक्या सांजच्याला लावत जा," आणि बसले. त्यानंतर माझी बदली झाली, मग आणखी एक, शेवटी नांदेडला. पत्र लिहीन म्हटलं आणि लिहिलं नाही. आपण अशा माणसांना पत्र लिहीत नाही आणि नंतर का लिहिलं नाही म्हणून हळहळतो.

सात-आठ वर्षांनी एका लग्नाला निघाले होते. पावसाळा मागं पडत आलेला, रानं हिरवी. जळकोट सोडून बस पुढं निघाली आणि एका वळणावर करकचून थांबली. रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, हातात मिटलेली छत्री, आणि ती छत्री त्यानं बससमोर आडवी धरलेली.

त्याच्या पायांजवळून एक घोयरा सरडा रस्ता ओलांडत होता. हिरवागार, डोळे वाटोळे. हा प्राणी किती सावकाश चालतो, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. एक पाय उचलतो, तो हवेतच धरून पुढंमागं झुलतो, टाकावा की नाही याचा विचार करतो, मग टाकतो. अजून निम्मा रस्ता बाकी होता.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग डोकं बाहेर काढलं. "ओ बाबा, उचलून ठिवा की त्याला बाजूला!"

"उचलला तर बिथरतो, आन् परत फिरतो," म्हातारा म्हणाला. "मग तुमालाच जास्ती उशीर."

आवाज ओळखला आणि मी खिडकीची काच वर ढकलायला लागले. ती अडकली होती. बसमधले लोक उठून पुढं गेले. कुणी हसत होतं, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन दाखवत होतं. ड्रायव्हरनं शेवटी इंजीन बंद केलं आणि बिडी काढली.

काच उघडली. मी डोकं बाहेर काढून ओरडले, "अप्पा! अहो अप्पा!"

त्यांनी मान वळवली नाही. मोकळा तळहात तेवढा माझ्या दिशेनं वर केला, थांबा म्हणून. नजर खाली, रस्त्यावर. घोयऱ्यानं आणखी एक पाय उचलला होता.